पोलादावर कोरलेला देवमासा

वेस्ट पोर्ट हा एडिंबरोच्या जुन्या वस्तीतला चढउताराचा रस्ता आहे. तेथे जुन्या पुस्तकांची जी काही दुकाने अजून तग धरून आहेत, त्यांपैकी एकात सुट्या छापचित्रांचे लाकडी खण ठेवलेले असतात आणि त्यांवर पक्षी, शिंपले, वनस्पती, नकाशे अशा विषयवार चिठ्ठ्या असतात. समुद्री सस्तन प्राण्यांसाठी मात्र वेगळी चिठ्ठी नसते. देवमासे आणि डॉल्फिन कधी माशांच्या खणात सापडतात, कधी चतुष्पादांच्या, आणि सील व वॉलरस तर कोठेही निघतात. ही अडचण दुकानदाराची एकट्याची नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ साली देवमाशांना सस्तन प्राण्यांच्या वर्गात बसवले, तरी त्यानंतर कित्येक वर्षे लेखक आणि प्रकाशक त्यांना माशांच्या शेजारी छापत राहिले. त्यामुळे मला हवे असलेले चित्र शोधायचे, म्हणजे सगळे खण उपसायचे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट झाले.

देवमाशाचेच चित्र हवे, याला कारण होते. माझे माहेर अलिबाग तालुक्यातले. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला, तेव्हा मी सुट्टीसाठी घरी होते. प्राणी जिवंत होता, त्याला पाण्यात परत ढकलण्याचे प्रयत्न झाले, पण तो वाचला नाही. गर्दीतून पुढे सरकत मी जे पाहिले, ते चित्रांतल्या डौलदार देवमाशासारखे मुळीच नव्हते. वाळूवर टेकलेल्या शरीराचा आकार त्याच्याच वजनाने पसरला होता, हनुवटीपासून पोटाकडे गेलेल्या समांतर वळ्यांत वाळू भरली होती, आणि डोळा कोठे आहे हे शोधावे लागत होते. जुन्या छापचित्रांतल्या देवमाशांचे विचित्र आकार पाहून लोक हसतात, तेव्हा मला तो किनारा आठवतो. चित्रकारापुढे बहुतेक वेळा असेच शव असे, आणि तेही बरेचदा कुजू लागलेले.

म्हणून खरेदीपूर्वी मी एक कसोटी ठरवली. चित्र देखणे आहे की नाही, हे नंतर पाहायचे. आधी विचारायचे की हा प्राणी कोणी पाहिला, कोठे पाहिला, आणि तिथपासून या कागदापर्यंत तो कोणाकोणाच्या हातून आला. ही साखळी जेथे सापडेल ते चित्र घ्यायचे.

कसोटी ऐकायला सोपी असली तरी तिच्यावर उतरणारी चित्रे फार थोडी आहेत. १५९८ साली हॉलंडमध्ये काटवाइकजवळच्या किनाऱ्याला एक स्पर्म व्हेल लागला. हेंड्रिक गोल्टझियसने त्याचे रेखाटन केले आणि त्याचा सावत्र मुलगा व शिष्य याकोब माथाम याने ते ताम्रपटावर कोरले. त्या छापचित्रात व्हेलभोवती सगळे गाव जमलेले आहे, कोणी अंगावर चढले आहे, कोणी मापे घेत आहे. मात्र डोळ्याच्या मागे अगदी जवळ एक मोठा कान दिसतो. देवमाशाला बाह्यकर्ण नसतो. तो वस्तुतः छातीजवळचा पर होता, आणि पडलेल्या शवावर तो नेमका कोठून फुटतो हे न कळल्याने कानासारखा काढला गेला. येथवर ठीक आहे, चित्रकार निदान किनाऱ्यावर होता. पण पुढे १६०१ मध्ये इटलीत अँकोनाला लागलेल्या व्हेलचे म्हणून एक छापचित्र निघाले. ते हुबेहूब निसर्गावरून काढले आहे अशी ग्वाही त्यावरच कोरलेली आहे, आणि त्यातला प्राणी तोच डच व्हेल आहे, कानासह. ही दोन चित्रे पडद्यावर शेजारी ठेवून पाहिल्यापासून ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले’ या शब्दांवरचा माझा विश्वास कायमचा उडाला.

अठराव्या शतकात अशी नक्कल हा उद्योगच झाला होता. पॅरिसमध्ये पांकूकने काढलेल्या कोशात बोनातेरचा १७८९ चा देवमाशांचा भाग आहे. त्याचे पट रोबेर बेनारच्या हाताखाली कोरले गेले, आणि त्यांतली कित्येक चित्रे आधीच्या पुस्तकांवरून उचललेली आहेत. एकाच पानावर तीन-चार प्राणी एकाखाली एक, पार्श्वभूमी कोरी, छटा काटेकोर. वॉइमारच्या बर्टुखने १७९० पासून मुलांसाठी जी चित्रांची मालिका काढली, तिच्यातही देवमासे, सील आणि वॉलरस आहेत, आणि तेही इतरांच्या चित्रांवरून. दिसायला ही पाने सुंदर आहेत आणि भिंतीवर शोभतीलही. पण बेनारच्या एका पानासमोर बराच वेळ उभे राहून मी ते परत खणात ठेवले, कारण त्या पानावरचा एकही प्राणी ते कोरणाऱ्याने पाहिला असेल असे वाटेना.

याउलट ग्रीनलंड व्हेलच्या बाबतीत साखळी सापडते. व्हिटबीचा विल्यम स्कोर्सबी हा स्वतः व्हेलशिकारी जहाजाचा कप्तान होता आणि त्याने उत्तर ध्रुवीय प्रदेशावरचा आपला ग्रंथ १८२० साली एडिंबरोतच प्रसिद्ध केला. त्यातला व्हेल हा शेकडो व्हेल जवळून पाहिलेल्या माणसाचा आहे: पाठीवर पर नाही, जबड्याची कमान उंच, आणि डोळा तोंडाच्या कोपऱ्याजवळ, खाली. त्यानंतरच्या अनेक पुस्तकांनी तोच व्हेल उचलला. नक्कल असली तरी नमुना खरा, एवढे तरी समाधान.

अखेर मी ज्या मालिकेवर थांबले ती याच शहरात जन्मलेली निघाली. सर विल्यम जार्डिन यांच्या संपादनाखाली १८३३ ते १८४३ या काळात चाळीस छोटेखानी खंडांची निसर्गविज्ञानमाला एडिंबरोहून निघाली. खंडाची किंमत सहा शिलिंग, म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली. कोरणारा आणि प्रकाशक एकच, विल्यम होम लिझर्स. जार्डिनची पत्नी ही लिझर्सची बहीण, त्यामुळे संपादक आणि प्रकाशक हे मेहुणे-मेहुणे होते, आणि वेळापत्रकावरून त्यांच्यात काय काय झाले असेल याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही घरगुती धंद्यावरून करता येते. लिझर्स तरुणपणी चित्रकार म्हणून नाव काढू लागला होता. १८१२ साली वडील वारल्यावर कोरीवकामाचा धंदा त्याच्या गळ्यात पडला आणि चित्रे मागे राहिली. मालेतील बहुतेक रेखाटने जेम्स स्ट्यूअर्टची आहेत. देवमाशांचा खंड रॉबर्ट हॅमिल्टनने लिहिला आणि तो १८३७ मध्ये आला. सील, वॉलरस आणि समुद्रगायींचा खंड १८३९ चा.

या १८३७ च्या खंडातले उत्तरेकडच्या मोठ्या रॉर्क्वलचे, म्हणजे गळ्याखाली वळ्या असलेल्या देवमाशांपैकी एकाचे, पान मला हवे होते. त्याच्यामागची हकीकत येथलीच आहे. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला नॉर्थ बेरिक येथे सुमारे ८० फूट लांबीचा एक मृत देवमासा किनाऱ्याला लागला. शरीररचनाशास्त्रज्ञ रॉबर्ट नॉक्सने तो मिळवला, त्याचे विच्छेदन केले आणि सांगाडा जतन केला. हा तोच नॉक्स, ज्याला बर्क आणि हेअर या दुकलीने १८२८ मध्ये खून करून प्रेते विकली होती. त्या प्रकरणाने त्याचे नाव इतके काळवंडले की त्याचे देवमाशांवरचे काम सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. हॅमिल्टनच्या मजकुरात नॉर्थ बेरिकच्या या प्राण्याची हकीकत येते. किनारा ठाऊक, साल ठाऊक, कापणारा ठाऊक, कोरणारा ठाऊक: माझ्या कसोटीला यापेक्षा जास्त काही नको होते.

मग प्रत्यक्ष पान तपासण्याचे काम सुरू झाले. मालेचे खंड पुष्कळ छापले गेले आणि पुष्कळ फाडले गेले, त्यामुळे सुटी पाने दुर्मिळ नाहीत. पण त्यांच्या जोडीला नव्या छपाईच्या नकलाही फिरतात. दुकानदाराने स्वतःहून दहापट मोठे दाखवणारे भिंग हातात दिले. नक्कल ओळखण्यासाठी फार वेळ लागत नाही. आजच्या छपाईत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची चक्रे दिसतात, आणि काळी रेषाही त्या ठिपक्यांचीच बनलेली असते. शिळाछापात रेषा कागदावर सपाट बसते आणि तिच्या कडेला दगडाचा दाणा जाणवतो. कोरीव पटावरून छापताना शाई खाचेत भरलेली असते आणि ओलसर कागद दाबाखाली त्या खाचेत शिरून ती उचलतो. त्यामुळे शाई कागदावर किंचित उभी राहते. तिरप्या उजेडात धरल्यावर व्हेलच्या गळ्याखालच्या वळ्यांतली प्रत्येक रेषा अशी उभी राहिलेली दिसली. त्यांतल्या काही रेषा भाताच्या दाण्यासारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या, म्हणजे त्या कोरणीने हाताच्या दाबावर काढलेल्या. तर पाण्याच्या लाटांच्या रेषांना बोथट, एकसारखी टोके होती, म्हणजे तो भाग सुईने ओरखडून आम्लाने खाल्लेला. पोलादावर काम करणारे बहुतेक कारागीर असे दोन्ही मार्ग वापरत. तांब्याचा पट काही शे प्रती काढल्यावर झिजू लागतो आणि रेषा फिकट पडतात. पोलाद हजारो प्रती सहन करते, आणि सहा शिलिंगांच्या पुस्तकाला तेच परवडते.

चित्राभोवती पटाच्या कडेचा दाबलेला ठसा मात्र दिसत नव्हता. कोरीव छापचित्र खरे असेल तर हा ठसा हवाच, असे विकणारे आणि घेणारे दोघेही ठामपणे सांगतात. मोठ्या पानांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण ही माला तळहातात मावेल एवढ्या आकाराची होती, पट जवळपास पानाएवढा असे, आणि बांधणी करताना कडा कापल्या की ठसाही कापला जाई. दुकानदाराने याच मुद्द्यावर किंमत उतरवण्याची माझी संधी हिरावून घेतली, कारण हे त्याने मला आधीच समजावून सांगितले.

रंगाची पारख त्याहून कठीण. या मालेत सहसा फक्त प्राणी रंगवलेला असतो आणि मागचे दृश्य काळ्या रेषांत तसेच सोडलेले असते. रंग हातानेच दिलेले आहेत. नमुन्याचे एक पान समोर ठेवून ओळीने बसलेले रंगारी ठरावीक रंगाचे ठरावीक भाग भरत. लिझर्सच्या कारखान्यातल्या रंगाऱ्यांनी १८२७ मध्ये संप केला आणि त्याचा परिणाम पक्षिचित्रकार ऑड्यूबनवर झाला. त्याच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या महाकाय ग्रंथाचे पहिले दहा पट लिझर्सने कोरले होते. संपानंतर ते काम लंडनच्या हॅवेलकडे गेले. हे माहीत असल्यामुळे मी त्या व्हेलच्या पाठीवरची निळसर राखाडी छटा जरा वेगळ्या नजरेने पाहत होते. भिंगाखाली ब्रशचे दोन थर कळत होते, पहिला पातळ आणि सरळ, दुसरा कडेने, घाईत. शेपटीजवळ तो रेषेबाहेर गेला होता. डोळ्यावर गोंदाचा एक चकचकीत ठिपका होता. जुने रंगारी गडद जागी असा बाभळीच्या जातीचा गोंद लावत, आणि तो पुढे संवर्धनाच्या वेळी महत्त्वाचा ठरला.

रंग त्या काळचा की नंतर विक्रीसाठी भरलेला, हे ठरवण्यासाठी दुकानदाराने दिवा मालवून अतिनील किरणांची छोटी विजेरी पानावर धरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कागदांत उजळपणासाठी घातलेली द्रव्ये या प्रकाशात निळीपांढरी चमकतात. हे पान मंद आणि पिवळट राहिले. यावरून कागदाचे वय पटते, रंगाचे नाही, असे त्याने लगेच बजावले, आणि म्हणाला की पूर्ण खंडाशी ताडून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये. विकण्यापूर्वी ग्राहकाला ग्रंथालयाचा रस्ता दाखवणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता.

जॉर्ज चौथा पूल या नावाच्या रस्त्यावर स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. वाचकपत्र विनामूल्य मिळते. दुर्मिळ ग्रंथांच्या दालनात फक्त पेन्सिल नेता येते. पुस्तक स्पंजच्या उतरत्या आधारावर ठेवतात आणि पान उघडे राहावे म्हणून त्यावर कापडात भरलेल्या शिशाच्या मण्यांची लांब पुरचुंडी टाकतात. हा खंड इतका लहान आहे की ती सगळी सिद्धता त्याला थोडी जडच वाटते. रॉर्क्वलचे पान काढून मी भिंगाने रेषान् रेषा ताडल्या. कोरीवकाम तेच होते, खालच्या कोपऱ्यातले लिझर्सचे नाव तसेच होते, लाटांच्या बोथट रेषा त्याच जागी संपत होत्या. रंग मात्र हुबेहूब तसा नव्हता. ग्रंथालयाच्या प्रतीत पाठ अधिक काळपट आणि पोट किंचित गुलाबी होते. रंगाची द्रव्ये आणि भरण्याची जागा तीच, हात वेगळा. हाताने रंगवलेल्या मालेत दोन प्रतींत एवढा फरक पडायचाच. उलट, छटा तंतोतंत जुळली असती तर मला शंका आली असती.

पुस्तक हातात होते म्हणून मजकूरही वाचला, आणि त्या वाचनाने चित्राकडे पाहण्याची दिशा बदलली. कोरलेला व्हेल सडपातळ आणि ताठ आहे. रेवदंड्याला पाहिलेला पसरलेला आकार त्यात नाही. शव पाहून जिवंत प्राण्याचा अंदाज बांधण्याचे काम येथे कोणीतरी केले आहे. पण गळ्याखालच्या वळ्या मात्र फारच ठळक आणि प्रत्येकी सुटी काढलेल्या आहेत, आणि माझ्या मते चित्रातला प्रत्यक्ष पाहिलेला भाग तोच आहे. पोहणाऱ्या देवमाशाच्या या वळ्या मिटलेल्या असतात आणि बोटीवरून त्या दिसत नाहीत. किनाऱ्यावर पडलेल्या प्राण्याच्याच त्या अशा मोजता येतात.

ग्रंथालयातून निघून मी लिझर्सचा पत्ता पाहायला गेले. सेंट जेम्स स्क्वेअर, क्रमांक ३, असा तो त्याच्या प्रकाशनांवर छापलेला असतो. तो चौक विसाव्या शतकात जवळपास सगळा पाडून तेथे एक अवजड बाजारसंकुल उभे राहिले, आणि तेही पाडून २०२१ मध्ये नवे, चकचकीत संकुल उघडले. तेथे पाहण्यासारखे काही नाही. पान मी दुसऱ्या दिवशी विकत घेतले.

पुस्तके फाडून पाने विकण्याच्या या धंद्याविषयी मला अजूनही बरे वाटत नाही. धड खंडापेक्षा सुट्या पानांची बेरीज जास्त भरते, म्हणून खंड फुटतात, आणि चित्राशेजारचा मजकूर रद्दीत जातो. माझे पान फार पूर्वीच फाडलेले होते, हे त्याच्या स्थितीवरून उघड होते, आणि तेवढ्यापुरते मी स्वतःचे समाधान करून घेतले. ते युक्तिवाद म्हणून फारसे भक्कम नाही.

ती स्थिती अशी होती. पान एका तपकिरी पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेले होते. जुन्या चौकटीच्या आतल्या कडेने कागदावर गडद पट्टा पडला होता, समासात बुरशीचे तांबूस ठिपके होते, वरच्या कडेला एक फाट होती आणि ती कोणीतरी चिकटपट्टीने जोडली होती. स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरत राहते, त्यामुळे हे तसेच चौकटीत घालण्यात अर्थ नव्हता. लीथमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका कागद-संवर्धक बाईंकडे मी ते नेले. लीथ हे एकेकाळी व्हेलशिकारी जहाजांचे बंदर. दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या व्हेलशिकारीच्या तळालाही लीथ हार्बर हेच नाव दिले गेले. बाईंनी, हात मध्ये घालायचा नाही या अटीवर, मला काम पाहू दिले.

त्यांनी प्रथम कशालाच पाणी लावले नाही. मऊ ब्रशने आणि काजळी पुसायच्या रबरी स्पंजाने पृष्ठभाग झाडला, तोही प्राण्याच्या अंगावरून न जाता समासापुरता. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक रंगावर सुईच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने उचलला. निळा उतरला नाही, राखाडी उतरला नाही. पण डोळ्यावरचा गोंद लगेच फुगून मऊ झाला. त्यांनी तेवढ्यावरून पान पाण्यात बुडवण्याचा विचार सोडून दिला. गोंद गेला असता तर डोळ्याची चकाकी गेली असती, आणि ती १८३७ च्या सुमाराच्या कोणाच्या तरी ब्रशची होती.

पुठ्ठा काढणे हे सगळ्यांत वेळखाऊ काम निघाले. चित्र पालथे ठेवून त्यांनी चपट्या पात्याने पुठ्ठ्याचे पापुद्रे एकामागून एक सोलले, आणि कागदापर्यंत शेवटचा पातळ थर राहिल्यावर थांबल्या. त्या थरावर मेथिल सेल्युलोजचा दाट लेप दिला. लेपातले पाणी हळूहळू खाली जाते, सरस फुगतो, आणि कागद भिजत नाही; ठरावीक वेळाने लेपासकट तो थर हाडाच्या बोथट पट्टीने सरकवून काढता येतो. जनावराच्या सरसाचा वास खोलीभर पसरला. डावी कड मोकळी झाल्यावर तिच्यात बांधणीच्या शिवणीची बारीक छिद्रे एका रेषेत दिसली. पान खंडातून निघालेले आहे, याचा इतका सरळ पुरावा भिंगाने किंवा विजेरीने मिळाला नव्हता.

चिकटपट्टीचा वरचा थर किंचित तापवलेल्या पात्याने सुटला आणि तिचा पिवळा चिकटा द्रावकाने टिपून काढावा लागला. डाग फिकट झाला, पूर्ण गेला नाही. बुरशीचे ठिपके ब्लीच करून घालवण्याविषयी मी विचारले, तेव्हा बाईंनी स्वच्छ नकार दिला. ब्लीचने कागदाचे तंतू दुबळे होतात, शिवाय ठिपके काही वर्षांनी परत येऊ शकतात आणि तोवर रंगाचे नुकसान झालेले असते. फाट त्यांनी जपानी कोझो कागदाने जोडली. तो कागद कात्रीने कापत नाहीत; पाण्याची रेघ ओढून फाडतात, म्हणजे कडेला लांब तंतू मोकळे राहतात आणि जोड पलीकडून जाणवत नाही. गव्हाच्या पिठातला शुद्ध स्टार्च शिजवून, चाळून त्याची खळ केली होती. ही खळ पुढे कधीही पाण्याने सोडवता येते, आणि या कामात कोणतीही गोष्ट परत उलगडता आली पाहिजे हाच मुख्य नियम आहे. मग पान टिपकागद आणि जाड नमद्यात घालून वजनाखाली ठेवले.

चौकटीचे काम त्यामानाने झटपट झाले. शंभर टक्के कापसाच्या पुठ्ठ्याची खिडकी, पान फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलेले, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये अंतर. काच अतिनील किरण अडवणारी घेतली. जलरंगांसाठी संग्रहालये प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवतात. घरात तेवढा अंधार शक्य नाही, म्हणून खिडकीसमोरची भिंत सोडून आतल्या वाटेतली भिंत निवडली. येथल्या दगडी इमारतींच्या बाहेरच्या भिंती थंड आणि ओलसर असतात, त्यामुळे आतली भिंत तशीही बरी. हेच पान अलिबागच्या घरी लावायचे म्हटले असते तर चारही महिने पावसाळ्यात ते उतरवून कोरड्या पेटीत ठेवावे लागले असते.

चौकट बंद करण्यापूर्वी बाईंनी मागच्या पुठ्ठ्यावर लिहिण्यासाठी मऊ पेन्सिल दिली. प्रजातीच्या नावापाशी मी अडले. छापलेले नाव उत्तरेकडच्या मोठ्या रॉर्क्वलचे आहे, पण नॉक्सच्या नॉर्थ बेरिकच्या प्राण्याला आज निळा देवमासा मानतात, म्हणजे रेवदंड्याला लागलेल्या प्राण्याचीच जात. मी दोन्ही नावे लिहिली, आधी छापलेले आणि मग आजचे. त्याखाली नॉर्थ बेरिक, १८३१, हॅमिल्टन, १८३७, कोरले लिझर्सने, रंग कारखान्यातल्या रंगाऱ्याचे. संवर्धनात काय काय केले आणि काय मुद्दाम केले नाही, याचा कागद आणि दुकानाची पावती एका आम्लरहित लिफाफ्यात घालून तो चौकटीच्या मागे लावला. १८३९ च्या खंडातले वॉलरसचे पान त्याच खणात होते; ते दुकानदाराने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे.